मतपेटीतून येणारी एकाधिकारशाही : हंगेरीच्या जयभीमवाल्यांकडून काय शिकायचे?

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांत, विहारांत आणि चहाच्या टपऱ्यांवर एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : संविधान बदलणार का? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर हा प्रश्न प्रचाराच्या केंद्रस्थानी आला. एका बाजूने सांगितले, ते बदलणारच. दुसऱ्या बाजूने सांगितले, त्याला कोणी हातही लावू शकत नाही. निवडणूक संपली आणि चर्चा थंडावली.

आमचे म्हणणे असे की हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आज लोकशाही संपवायला रस्त्यावर रणगाडे आणावे लागत नाहीत. संसदेला कुलूप लावावे लागत नाही. निवडणूक जिंकावी लागते, मग कायदे करावे लागतात, नेमणुका कराव्या लागतात, जाहिरातींचे पैसे कुठे जातील ते ठरवावे लागते. प्रत्येक पाऊल कायदेशीर असते. दहा वर्षांनी मागे वळून पाहिले की देश दुसराच झालेला असतो.

हे कसे घडते हे समजून घ्यायला आम्ही हंगेरीचे उदाहरण घेत आहोत. युरोपातील हा छोटा देश आहे, लोकसंख्या एक कोटीपेक्षाही कमी. तो निवडण्याचे एक कारण असे की तेथील घसरण टप्प्याटप्प्याने नोंदलेली आहे. दुसरे कारण आपल्या जवळचे आहे. हंगेरीत 'जय भीम' म्हणणारी माणसे आहेत आणि या घसरणीचा फटका सुरुवातीलाच ज्यांना बसला, त्यांत ती होती.

शायोकाझाची शाळा

हंगेरीच्या ईशान्येला मिश्कोल्त्स शहराजवळ शायोकाझा नावाचे गाव आहे. कधीकाळी हा कोळशाच्या खाणींचा भाग होता. साम्यवादी राजवट गेली, खाणी आणि कारखाने बंद पडले आणि सर्वांत आधी रोजगार गेला तो रोमा लोकांचा. रोमा म्हणजे ज्यांना युरोपात 'जिप्सी' म्हणून हिणवले जाते तो समाज. भाषाशास्त्रज्ञांच्या मते त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतीय उपखंडातून पश्चिमेकडे गेले. हंगेरीत त्यांचे प्रमाण सहा ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान मानले जाते. गावाबाहेरची वस्ती, शाळेत वेगळा वर्ग, नोकरीच्या दारात आडनाव आणि चेहरा पाहून नकार, हे सारे त्यांच्या वाट्याला आले. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

याच समाजातील यानोश ओर्शोश आणि त्यांचे सहकारी, समाजशास्त्रज्ञ तिबोर देर्दाक यांना बाबासाहेबांचे चरित्र व विचार सापडले. ते महाराष्ट्रात आले, येथील बौद्ध वस्त्या आणि धम्मचळवळ त्यांनी पाहिली, त्रिरत्न बौद्ध महासंघाशी त्यांचे नाते जुळले. परत जाऊन त्यांनी जय भीम समुदाय स्थापन केला आणि २००७ मध्ये रोमा मुलामुलींसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू केली. शिका आणि माणूस म्हणून उभे राहा, हा बाबासाहेबांचा मार्ग त्यांनी त्या थंड प्रदेशात नेला.

तीनच वर्षांनी, २०१० मध्ये, देशात सत्ताबदल झाला.

संताप खरा होता

लोकानुनयवाद, ज्याला सगळे 'पॉप्युलिझम' म्हणून ओळखतात, तो हवेतून जन्माला येत नाही. त्याला खरा संताप लागतो. हंगेरीत तो भरपूर होता. २००६ मध्ये समाजवादी पंतप्रधान फेरेन्त्स ज्युर्चान्य यांचे पक्षाच्या बंद बैठकीतील भाषण बाहेर आले. आपण जनतेशी खोटे बोलत आलो, अशी कबुली त्यात होती. लोक रस्त्यावर उतरले. २००८ च्या जागतिक मंदीत स्विस फ्रँकमध्ये गृहकर्ज घेतलेली हजारो कुटुंबे हप्त्यांखाली चिरडली गेली. सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जावे लागले.

याच काळात 'जिप्सी गुन्हेगारी' हा शब्द अतिउजव्या योब्बिक पक्षाने राजकारणाच्या मध्यभागी आणला. गणवेशातील जथे रोमा वस्त्यांतून संचलन करू लागले. २००८-०९ मध्ये वंशद्वेषातून झालेल्या हल्ल्यांच्या मालिकेत सहा रोमा मारले गेले, त्यांत एक लहान मूलही होते.

एकीकडे सत्ताधाऱ्यांवरचा रास्त राग होता, दुसरीकडे दुबळ्यांवर वळवलेला द्वेष होता. या दोन्हींच्या मधोमध व्हिक्टर ऑर्बान आणि त्यांचा फिदेस पक्ष उभा होता.

'खरी जनता' म्हणजे कोण?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गरिबांना धान्य देणे, शिष्यवृत्ती देणे, वीजबिल कमी करणे म्हणजे लोकानुनयवाद नव्हे. कल्याणकारी राज्य ही आपलीच मागणी आहे. जर्मन राज्यशास्त्रज्ञ यान-वेर्नर म्युलर यांनी मांडलेली खूण अधिक नेमकी आहे. जो नेता म्हणतो की जनतेचा खरा प्रतिनिधी केवळ मीच आणि जे माझ्यासोबत नाहीत ते जनतेतलेच नाहीत, तो लोकानुनयवादी. त्याला विरोधक नसतात, फक्त देशाचे शत्रू असतात.

२००२ मध्ये ऑर्बान निवडणूक हरले होते. त्यानंतरच्या सभेत त्यांनी सांगितले की मायभूमी विरोधी बाकांवर बसूच शकत नाही. या एका विचारात सारे आले. मायभूमी म्हणजे आम्ही. आम्ही हरलो तर ती चूक निवडणुकीची.

फरक समजण्यासाठी वीजबिलाचेच उदाहरण घेऊ. २०१३ मध्ये ऑर्बान सरकारने घरगुती वीज, गॅस आणि पाण्याचे दर कमी केले. सामान्य कुटुंबांना त्याचा लाभ झाला, हे मान्यच केले पाहिजे. पण किती बचत झाली हे प्रत्येक बिलावर नारिंगी चौकटीत छापणे कायद्याने बंधनकारक केले गेले. नारिंगी हा फिदेस पक्षाचा रंग. नागरिकाचा हक्क नेत्याची कृपा म्हणून घराघरात पोहोचवला गेला. हक्क मिळाला की माणूस ताठ होतो, कृपा मिळाली की तो वाकतो.

दोन तृतीयांशांचे यंत्र

२०१० च्या निवडणुकीत फिदेस आघाडीला सुमारे ५३ टक्के मते मिळाली आणि ३८६ पैकी २६३ जागा, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक. हंगेरीत संसदेचे एकच सभागृह आहे आणि दोन तृतीयांश मतांनी संविधान बदलता येत होते. जुन्या संविधानात एक अडसर होता. नवे संविधान लिहिण्याचे नियम ठरवायला चार पंचमांश खासदारांची संमती लागत असे. फिदेसने हा अडसरच दोन तृतीयांश मतांनी काढून टाकला. एप्रिल २०११ मध्ये नवे संविधान फक्त सत्ताधाऱ्यांच्या मतांवर संमत झाले आणि १ जानेवारी २०१२ पासून लागू झाले. त्यावर जनमत घेतले गेले नाही.

पण खरे काम नव्या संविधानापेक्षा त्याच्या आसपासच्या कायद्यांनी आणि नेमणुकांनी केले. क्रम पाहण्यासारखा आहे.

पहिले लक्ष्य न्यायालय. संविधान न्यायालयाने पूर्वलक्षी प्रभावाने लावलेला एक कर रद्द केला, तेव्हा संसदेने कर आणि अर्थसंकल्पाच्या बाबतीत न्यायालयाचे अधिकारच छाटले. न्यायाधीशांची संख्या ११ वरून १५ केली आणि त्यांची निवड सत्ताधारी बहुमताच्या हाती दिली. साध्या न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून एकदम ६२ वर आणले. दोनशेहून अधिक अनुभवी न्यायाधीश एका फटक्यात घरी गेले. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये हे बेकायदा ठरवले, पण तोवर अनेक खुर्च्या भरल्या गेल्या होत्या. न्यायव्यवस्थेतील बदलांवर टीका करणारे सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष आंद्राश बाका यांचे पद मुदतीआधीच संपवण्यात आले.

दुसरे लक्ष्य माध्यमे. नवी माध्यम परिषद आली. तिच्या सदस्यांची मुदत नऊ वर्षे आणि सगळे सत्ताधारी पक्षाच्या शिफारशीचे.

तिसरे लक्ष्य निवडणुकीचे नियम. जागा ३८६ वरून १९९ केल्या, मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या, दुसरी फेरी रद्द केली. परिणाम २०१४ मध्ये दिसला. फिदेसची मते ४५ टक्क्यांच्या आसपास घसरली, तरीही १९९ पैकी १३३ जागा, म्हणजे पुन्हा दोन तृतीयांश. मते कमी झाली आणि सत्ता तेवढीच राहिली. यात मतदानयंत्राची किंवा बोगस मतांची गरजच पडली नाही. मैदानच एका बाजूला उतरते केले गेले. २०१८ आणि २०२२ मध्येही दोन तृतीयांश जागा मिळाल्या.

त्याच वर्षी, जुलै २०१४ मध्ये, ऑर्बान यांनी आपण 'अनुदार' राज्य उभारत असल्याचे जाहीरपणे सांगितले. यशस्वी देशांची उदाहरणे देताना त्यांनी सिंगापूर, चीन, रशिया आणि तुर्कस्तानबरोबर भारताचेही नाव घेतले. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय संसदेने ठराव करून हंगेरीला पूर्ण लोकशाही मानता येत नाही, ती निवडणुकांचा सांगाडा असलेली एकाधिकारशाही आहे, असे म्हटले.

आधी कोणाचे गेले?

मोठी माणसे न्यायालय आणि निवडणूक आयोगाची चर्चा करतात. आम्हांला दुसरा प्रश्न विचारायचा आहे : या सगळ्यात सर्वांत खालच्या माणसाचे आधी काय गेले?

२०११ मध्ये हंगेरीने धर्मसंस्थांचा नवा कायदा केला. त्याआधी तीनशेहून अधिक धार्मिक समुदाय न्यायालयात नोंदणी करून धर्मसंस्था म्हणून मान्यता मिळवून होते. नव्या कायद्याने ती मान्यता काढून घेतली आणि कोण धर्म आहे व कोण नाही हे ठरवण्याचा अधिकार संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताला दिला. मान्यताप्राप्त यादीत सुमारे तीस नावे आली. काही बौद्ध संघ यादीत बसले. जय भीम समुदाय बसला नाही.

हा केवळ मानाचा प्रश्न नव्हता. मान्यता गेली की शाळा चालवणाऱ्या धर्मसंस्थांना मिळणारे जादा सरकारी अनुदान जाते, करांतून मिळणारा वाटा जातो. खाणबंद गावात गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या समुदायासाठी याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. बहुसंख्याकांच्या मोठ्या चर्चना धक्का लागला नाही, उलट अनेक सरकारी शाळा त्यांच्याकडे सोपवल्या गेल्या.

संविधान न्यायालयाने २०१३ च्या सुरुवातीला या कायद्याचा काही भाग रद्द केला. मग काय झाले? काही आठवड्यांतच संसदेने चौथी घटनादुरुस्ती करून मान्यता देण्याचा संसदेचा अधिकार थेट संविधानात लिहून टाकला. न्यायालयाने ज्याला घटनाबाह्य म्हटले, तेच संविधान झाले. एप्रिल २०१४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने काही छोट्या ख्रिस्ती, ज्यू आणि बौद्ध समुदायांच्या अर्जावर निकाल देताना हक्कांचा भंग झाल्याचे मान्य केले. निकाल हाती आला, पण गेलेली वर्षे परत आली नाहीत.

शिक्षणाचेही तसेच. सक्तीच्या शिक्षणाचे वय १८ वरून १६ केले गेले. मध्यमवर्गाच्या मुलांना त्याने फरक पडत नाही, ती शिकणारच असतात. रोमा मुलांसाठी मात्र शाळेचे दार दोन वर्षे आधी बंद होऊ शकते. गावात काम नाही, मग सरकारी सार्वजनिक कामांची योजना. २०१६ च्या सुमारास तिच्यावर दोन लाखांहून जास्त लोक होते. काम कोणाला द्यायचे यात गावच्या महापौराचा शब्द मोठा. ज्याची चूल महापौराच्या मर्जीवर पेटते, त्याचे मत किती स्वतंत्र राहणार?

आणि एक प्रकरण तर प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे असे आहे. ग्योंग्योशपाता या गावातील शाळेत रोमा मुलांना वर्षानुवर्षे वेगळे बसवले जात होते आणि त्यांना कमी दर्जाचे शिक्षण दिले जात होते. मुलांच्या बाजूने लढा दिला गेला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने सुमारे साठ जणांना भरपाई मंजूर केली. २०२० च्या सुरुवातीला पंतप्रधान ऑर्बान यांनी या निकालावर जाहीर टीका केली. काहीही काम न करता या लोकांना पैसे मिळतात, हे गावातील इतरांना न्याय्य वाटत नाही, असा त्यांचा सूर होता. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली. त्यानंतर संसदेने कायदाच बदलला. यापुढे अशा प्रकरणांत भरपाई पैशांत नव्हे, शिक्षण वा प्रशिक्षणाच्या रूपात.

'काम न करता पैसे', 'फुकटे', 'यांचेच लाड'. ही भाषा आपण आरक्षण, शिष्यवृत्ती आणि अॅट्रॉसिटी कायद्याच्या चर्चेत ऐकलेली आहे. लोकानुनयवादी नेता ही कुजबुज उचलतो आणि तिला राज्याचा आवाज देतो. म्हणूनच लोकशाहीची तब्येत पाहायची असेल तर राजधानीत नव्हे, शेवटच्या वस्तीतील शाळेत पाहावी.

शत्रू रोज नवा लागतो

अशी राजवट शत्रूवाचून चालत नाही. २०१५ मध्ये तो निर्वासित होता. सीमेवर कुंपण उभे राहिले. २०१७ मध्ये तो अब्जाधीश जॉर्ज सोरोस होता, देशभर सरकारी खर्चाने त्यांच्या चेहऱ्याचे फलक लागले. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवर शिक्का मारणारा कायदा आला. सोरोस यांनी स्थापन केलेल्या मध्य युरोपीय विद्यापीठाला आपले मुख्य अध्यापन बुडापेस्टमधून व्हिएन्नाला हलवावे लागले. २०२५ मध्ये समलिंगी समुदायाच्या मोर्चावर बंदी घालणारा कायदा झाला. सोरोस हे नाव मराठी वृत्तवाहिन्यांवरच्या वादांतही कसे आणि कधी आले, हे वाचकांनी आठवून पाहावे. अशा कहाण्याही देशोदेशी फिरतात.

पुण्यातील भाषण

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात जिल्हा विधी ग्रंथालयाच्या कार्यक्रमात बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी कोणत्या गोष्टी आवश्यक आहेत, यावर भाषण केले. समाजात ढळढळीत विषमता नसणे, विरोधी पक्ष असणे, कायदा आणि प्रशासनात समानता, सांविधानिक नैतिकता, अल्पसंख्याकांवर बहुसंख्याकांचा जुलूम नसणे, समाजाची नीती आणि जागा लोकविवेक, अशा अटी त्यांनी सांगितल्या. हंगेरीची कहाणी या अटींवर ठेवून पाहा, एकेक अट कशी निखळली ते स्पष्ट दिसते.

विरोधी पक्षाविषयी बोलताना बाबासाहेबांनी त्याच भाषणात वर्तमानपत्रांवर बोट ठेवले होते. सरकारकडून जाहिरातींचे उत्पन्न मिळते, विरोधकांकडून मिळत नाही, म्हणून पत्रे सरकारला अधिक जागा देतात, असे त्यांचे निरीक्षण होते. हंगेरीत नेमके हेच यंत्र म्हणून वापरले गेले. सरकारी जाहिराती मर्जीतल्या पत्रांकडे वळल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'नेपसाबादशाग' हे देशातील प्रमुख विरोधी दैनिक एका दिवसात बंद झाले. काही दिवसांतच त्या प्रकाशनसंस्थेची मालकी ऑर्बान यांच्या निकटवर्तीयाशी संबंधित कंपनीकडे गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये चारशेहून अधिक वृत्तपत्रे, वाहिन्या आणि संकेतस्थळे त्यांच्या मालकांनी एका सरकारधार्जिण्या प्रतिष्ठानला चक्क दान केली. २०२२ च्या निवडणुकीत विरोधी आघाडीच्या पंतप्रधानपदाच्या उमेदवाराला सरकारी दूरचित्रवाणीवर प्रचारासाठी पाच मिनिटे मिळाली. पत्रकाराला तुरुंगात टाकण्याची गरजच उरली नाही.

याच्याही आधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी एक इशारा दिला होता. संविधानाचे रूप न बदलता केवळ प्रशासनाचे रूप बदलूनही संविधानाचा आत्मा बिघडवता येतो. सांविधानिक नैतिकता ही आपोआप येणारी गोष्ट नाही, ती जोपासावी लागते. आम्ही सुरुवातीला जो प्रश्न अपुरा म्हटला, त्याचे उत्तर या इशाऱ्यात आहे. 'संविधान बदलणार का' एवढेच पाहत बसलो, तर संविधान कपाटात सुरक्षित राहील आणि बाहेर त्याचे काही उरणार नाही.

'पण लोकांनीच निवडून दिले ना?'

हा युक्तिवाद आपल्या तरुणांनाही गप्प करतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. होय, ऑर्बान यांना लोकांनी निवडून दिले. पण बाबासाहेबांनी राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांत फरक केला होता. राजकीय बहुमत विचारांवर बनते, म्हणून ते बदलू शकते. आजचा अल्पमतवाला उद्या बहुमतात येऊ शकतो. जातीय बहुमत जन्मावर ठरते, त्याचे दार बाहेरच्याला कधीच उघडत नाही. रोमा हंगेरीत कधीही बहुमत होणार नाहीत. बौद्ध भारतात होणार नाहीत. अशा समाजाला केवळ मतपेटी पुरत नाही. न्यायालय, स्वतंत्र वृत्तपत्र, निःपक्ष अधिकारी आणि मूलभूत हक्क हेच त्याचे खरे कवच असते. लोकानुनयवादी नेता नेमके हे कवच 'जनतेच्या इच्छेआड येणारा अडथळा' म्हणून काढून घेतो.

आपल्या अंगणात

हंगेरी आणि भारत एक नव्हेत. भारत संघराज्य आहे, राज्याराज्यांत वेगवेगळे पक्ष सत्तेत असतात आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने संविधानाच्या मूलभूत चौकटीला संरक्षण दिले आहे. हंगेरीसारखे एका वर्षात नवे संविधान येथे सोपे नाही. पण आणीबाणी हीसुद्धा २५ जून १९७५ च्या रात्री कलम ३५२ मधून, कागदोपत्री संविधानानुसारच आली होती, हे विसरता येत नाही. स्वीडनमधील व्ही-डेम या संस्थेने २०२१ च्या अहवालात भारताला निवडणुकांपुरत्या लोकशाहीच्या, म्हणजे एकाधिकारशाहीच्या, गटात टाकले. भारत सरकारने असे मूल्यमापन फेटाळले. क्रमांकावर वाद होऊ शकतो. पण निवडणूक रोख्यांमुळे पक्षांना कोणी किती पैसे दिले हे मतदारांना सहा वर्षे कळले नाही आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती योजना घटनाबाह्य ठरवावी लागली, यावर वाद नाही. महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये विधानसभेने जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्यातील व्याख्या इतक्या सैल आहेत की उद्या वस्तीत काम करणारा कार्यकर्ताही त्यात ओढला जाऊ शकतो, ही चळवळीची भीती अनाठायी नाही. बोधगयेच्या महाबोधी महाविहाराचे व्यवस्थापन १९४९ च्या कायद्याने कोणाच्या हाती दिले, हा प्रश्न घेऊन बौद्ध आंदोलन करत आहेत. छोट्या धर्मसमुदायाचे भवितव्य दुसऱ्यांच्या बहुमतावर टांगले की काय होते, हे जय भीम समुदायाने पाहिले आहे.

मात्र बोट फक्त बाहेर दाखवून भागणार नाही. श्रीलंकेत १९५६ मध्ये सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला, तो सिंहली बौद्ध बहुसंख्याकांच्या नावाने. तमिळांच्या मनात तेव्हा रुजलेल्या दुराव्याची किंमत त्या देशाने पुढे दीर्घ गृहयुद्धात मोजली. चीवर अंगावर असले म्हणून बहुसंख्याकवाद धम्म होत नाही.

आणि आपली चळवळ? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मातील भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपण हे दरवर्षी २६ नोव्हेंबरला वाचतो आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या गटाच्या नेत्याच्या फलकाखाली जाऊन उभे राहतो. नेत्याला प्रश्न विचारणारा तरुण 'फितूर' ठरतो. हिशेब मागणारा 'चळवळ फोडणारा' ठरतो. हीच ती मानसिकता, फक्त झेंडा निळा. पुण्याच्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांचा दाखला दिला होता. लोक आग्रह करत असतानाही ते तिसऱ्यांदा उभे राहिले नाहीत, कारण एका माणसाला न हटवता येणारा राजा करायचे नव्हते. आपल्या किती संघटनांत अध्यक्ष बदलतो?

करायचे काय?

पोलंडचे उदाहरण थोडा धीर देते. तेथेही २०१५ पासून न्यायालये आणि सरकारी वाहिन्या सत्ताधाऱ्यांच्या ताब्यात जात होत्या. ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत ७४ टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि विरोधी आघाडीला बहुमत मिळाले. पण त्यानंतर न्यायव्यवस्था पूर्ववत करणे किती अवघड आहे, हेही तेथे दिसले, कारण जुन्या नेमणुका आणि राष्ट्रपतींचा नकाराधिकार आडवा येत राहिला. मोडायला दोन वर्षे पुरतात, दुरुस्तीला पिढी लागते. म्हणून राखण आधीपासून करायची असते.

ती राखण दिल्लीत सुरू होत नाही. मतदारयादीत आपल्या वस्तीतील नावे आहेत का, हे निवडणुकीआधी सहा महिने तपासणे. ग्रामसभेत जाऊन अनुसूचित जातींसाठीचा निधी कुठे खर्च झाला हे माहिती अधिकारात विचारणे. शाळा व्यवस्थापन समितीत बसणे. आपली म्हणून जी पत्रे, मासिके आणि संकेतस्थळे आहेत त्यांची वर्गणी वेळेवर भरणे, कारण ज्याला वाचक पोसत नाही त्याला जाहिरातदार पोसतो. विहारात रविवारी वंदना झाल्यावर एक तास संविधानाचे एक कलम वाचून त्यावर चर्चा करणे. आणि आपल्याशिवाय दुसऱ्यावर, मुस्लिमांवर, आदिवासींवर, भटक्या-विमुक्तांवर अन्याय झाला तर तो आपलाच समजून उभे राहणे. लोकविवेक म्हणजे हेच.

महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांनी वज्जींच्या गणराज्याविषयी सांगितलेले आठवावे. जोवर ते वारंवार एकत्र जमतात, एकमताने कामे करतात, ठरलेल्या नियमांनी वागतात, तोवर त्यांची हानी होणार नाही. अजातशत्रूला वज्जी युद्धात जिंकता आले नाहीत. परंपरा सांगते की वस्सकार नावाच्या मंत्र्याने त्यांच्यात शिरून एकाच्या कानात दुसऱ्याविषयी संशय भरला. एकत्र जमणे थांबले. मग धोक्याचा नगारा वाजला तरी कोणी आले नाही.

शायोकाझाच्या शाळेत बाबासाहेब पोहोचले ते पुतळा म्हणून नव्हे, तर मान्यता काढून घेतली तरी शिकवत राहण्याची हिंमत म्हणून. त्या मुलांनी आपल्याकडून 'जय भीम' घेतला. आता नगारा ओळखायला त्यांच्याकडून शिकण्याची पाळी आपली आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!